दोन टोल्यांचं विमान

"विमान म्हंजे काय वेगळं असतंय का? एसटीच ती! फक्त खड्डे न्हाईत!"

शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बद्रीनाथ ड्रायव्हर फोनवर हे वाक्य बोलला. तोंडातून गेलेला शब्द आणि स्टँडातून सुटलेली गाडी परत येत नाही, हे बत्तीस वर्षं एसटी चालवूनही त्याला त्या क्षणी आठवलं नाही!

फोनच्या पलीकडे त्याची एकुलती एक लेक होती. अर्पिता. हवाईदलात निवडली गेलेली, ट्रेनिंगला जाऊन आठ महिने झालेली. दर शनिवारी चार वाजता तिचा फोन यायचा आणि तेवढ्यापुरता त्या घरात सण असायचा. तिची आई नंदाबाई केस विंचरून, पदर सारखा करून बसायची. पण या शनिवारी लेकीचा आवाज विझत आलेल्या चुलीसारखा होता. वर राख, आत कुठंतरी थोडीशी धग.

"बाबा, उतरायचं जमून न्हाई राह्यलं. विमान टेकतंय आन् बेडकावानी उड्या मारतंय. सर म्हनले, येत्या न्हाई, त्याच्या पुढच्या सोमवारी अजून एक चान्स. तव्हा नीट उतरले तर एकटीला उडू देतील. न्हाई तर..."

"न्हाई तर काय?"

"न्हाई तर घरी."

नंदाबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं. बद्रीनाथनं मिशी धरली. आणि मग ते वाक्य आलं, एसटीच ती! एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण उताराला लागलेली गाडी ती!

"तुझं ते खेळायचं विमान हितंच पडलंय ना? येत्या शनिवारी तू फोन केला की तुझ्या डोळ्यांदेखत उतरवून दाखवतो. मंग सांगतो तुला, कसं उतरवायचं ते!"

"बाबा, खेळ न्हाई तो! खऱ्या लढाऊ विमानाची हुबेहूब नक्कल हाय. एकूण एक खटका खरा. मला नुसतं सुरू करायला तीन आठवडे लागल्ते."

"तव्हा तू नवी होतीस," बद्रीनाथ म्हणाला. स्वतः आपण जुने असल्यासारखा!

फोन ठेवल्यावर त्यानं छातीवरचा बिल्ला काढला. आता या बिल्ल्याचं सांगायला पाहिजे. जाफराबाद ते जालना, बत्तीस वर्षं, आणि एकही अपघात नाही. केदारखेड्याच्या वळणावर आडव्या आलेल्या कोंबडीचं पीससुद्धा कधी त्याच्या चाकाला लागलं नव्हतं. त्याबद्दल मिळालेला हा पितळी बिल्ला. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी तो बंडीवरसुद्धा लावायचा. तो त्यानं देव्हाऱ्यात ठेवला.

"विमान बराबर उतरवल्याशिवाय ह्याला हात लावनार न्हाई!"

"आवो, आधी चढवा तर," नंदाबाई म्हणाली.

अर्पितानं पुण्यात दोन वर्षं नोकरी केली, तेव्हा हा सगळा संसार जमवला होता. पेटीएवढा कॉम्प्युटर, त्याचा पडदा, उजव्या हातात धरायचा दांडा, डाव्या हाताचा वेगाचा दांडा, पायाशी पेडलं, आणि डोळ्यांवर बांधायचा तो काळा डबा. तो बांधला की समोरची खोली नाहीशी होते आणि माणूस थेट विमानात जाऊन बसतो, असं ती म्हणायची. ती गेल्यावर हे सगळं बैठकीच्या खोलीत कापसाशेजारी येऊन पडलं. कापूस भाव चढायची वाट बघत होता. भिंतीला टेकून आढ्यापर्यंत, पांढराशुभ्र, ढगाचं तान्हं पोर निजवल्यासारखा.

रविवारी सकाळी बद्रीनाथनं वायरी जोडल्या. बसायला त्याच्याच जुन्या गाडीची, भंगारातून आणलेली ड्रायव्हरची सीट होती. त्यावर बसून, देवाचं नाव घेऊन, त्यानं घाण्याच्या बैलाला झापडं बांधतात तसा तो डबा डोळ्यांवर बांधला.

आणि ओरडला, "आगं, मी टपावर हाय!"

"कशाच्या?"

"विमानाच्या! आत बसायच्या ऐवजी टपावर बसलोय! खाली काच दिसून राह्यली, आन् काचंखाली रिकामी सीट!"

"मंग हळूच उतरा ना खाली! पडताल!" आणि नंदाबाईनं धावत जाऊन सीटचे पाय घट्ट धरले.

तासाभरानं अर्पिताच्या जुन्या वहीत सापडलं की एक बटण दाबलं की माणूस आपल्या जागेवर येतो. बद्रीनाथनं ते दाबलं, आणि तो थेट आतल्या सीटवर! चारी बाजूंनी काच. पुढं लांबच लांब धावपट्टी, नुकती सारवलेली ओसरी असावी तशी. वर आभाळ, धुऊन वाळत घातलेलं. आपली पोर हे बघत असंल रोज, त्याच्या मनात आलं. त्यानं उजवीकडं बघितलं. डावीकडं बघितलं. मागं वळून शेपटी बघितली.

दोन मिनिटांनी तो न्हाणीत ओकत होता.

बत्तीस वर्षं ज्याच्या गाडीत खिडकीला डोकं लावून माणसं ओकली, आणि जो आरशातून बघून "पिशवी आणायला काय होतंय?" असं खेकसला, त्या बद्रीनाथला स्वतःच्या घरात, जमिनीला खिळवलेल्या सीटवर गाडी लागली! नंदाबाईनं मुकाट्यानं आल्याचा तुकडा पुढं केला.

"आवो, पिशवी आणायला काय होतंय?" ती म्हणाली.

पण माणूस जिद्दीचा! दाढेखाली आलं धरून तो परत बसला.

"क्लच कुठंय ह्याचा?" त्यानं पेडलं चाचपली. क्लच नव्हता. "हॉर्न?" हॉर्नही नव्हता. "असली कसली गाडी! म्हशी आडव्या आल्या मंग?" शेवटी दांड्याच्या पुढच्या अंगाला बोटाखाली एक खटका सापडला. तो दाबला की 'टर्रर्र' असा आवाज यायचा आणि पुढं ठिणग्या उडायच्या.

"घे! बारीक हाय, पन हॉर्न हाय!" बद्रीनाथचं समाधान झालं.

सोमवारी कळलं की डोळे बांधले की कीबोर्ड दिसत नाही. चाकं खाली सोडायची कळ म्हणून भलतीच दाबली, आणि काचेचं झाकण उडालं! त्यावर उपाय नंदाबाईनं काढला. कळांवर डिंकानं धान्य चिकटवलं. चाकांना हरभरा, पंखांच्या झडपांना तूर, झाकणाला सोयाबीन.

"बोटाला हरभरा लागला की चाकं. घोकून ठेवा!"

घोकलं. पण रात्रीतून उंदरानं झडपांची तूर नेली, आणि मंगळवारी विमान नांगरासारखं जमिनीत शिरलं. मंगळवार संध्याकाळपर्यंत सतरा अपघात झाले. बत्तीस वर्षांत शून्य, आणि तीन दिवसांत सतरा! देव्हाऱ्यातला बिल्ला त्याच्याकडं बघत नव्हता, असं त्याला वाटायला लागलं.

आणि दर खेपेला उडायच्या आधी एक अडचण वेगळीच. वहीत बघून बघून इंजिन चालू, विमान धावपट्टीवर उभं, सगळं तयार, आणि बद्रीनाथ अर्धा-अर्धा तास नुसता बसून!

"आता काय झालं?" नंदाबाईनं विचारलं.

"बेल न्हाई झाली."

"कसली बेल?"

"आगं, डबल बेल झाल्याबिगर गाडी हालतीय का कुठं? पायच उचलून न्हाई राह्यला माझा!"

खोटं नव्हतं ते. कंडक्टरनं दोरी ओढली, एक टोला पडला की ब्रेक. दोन टोले पडले की गाडी चालू. हे त्याच्या डोक्यात नव्हतं, पायाच्या घोट्यात होतं. म्हणून मंगळवारी दिवेलागणीला बाभळीच्या काठीसारखा उभा, सडपातळ राधेश्याम कंडक्टर बोलावला गेला. बावीस वर्षं तो बद्रीनाथच्या गाडीवर होता. त्यानं घरातून जुनी घंटा आणली, आढ्याला टांगली, दोरी सीटच्या डोक्यावरून नेली आणि चामडी पिशवी काखेत अडकवून स्टुलावर बसला.

"पिशवी कशाला रे?" बद्रीनाथनं विचारलं.

"ड्यूटी म्हंजे ड्यूटी, ड्रायव्हरसाहेब! टिंग टिंग!"

आणि काय सांगावं! दोन टोले पडले, घोटा सुटला, विमान सरळ आभाळात! राधेश्याम पडद्यावर बघून म्हणाला, "आरं बद्री, आपन उडालो!" दोन म्हातारे तोंडभर हसले. उतरताना अठरावा अपघात झाला, ते सोडा.

बुधवारी मात्र जे झालं, ते गल्ली अजून विसरलेली नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. नंदाबाईनं बजावलं होतं, "पाच वाजता बाया येतील. त्याच्या आत ते बोचकं डोळ्यावरून काढायचं!" बद्रीनाथ हो म्हणाला. पण डोळ्यांवर ते बोचकं असताना घड्याळ कुठं दिसतंय? पाच वाजता तो आभाळात चांगला उंचावर होता. राधेश्याम चहाला गेल्ता. नंदाबाईनं आतल्या खोलीत देवापुढं दिवा लावला, घंटी उचलली आणि एक टोला दिला.

टण!

तेवढ्यात दारातून शेजारच्या चांगुणाबाईनं हाक मारली, "नंदे, येऊ का गं?" आणि दुसरा टोला राहूनच गेला.

एक टोला! घोट्यानं ऐकला. वरती मालकाला विचारायची घोट्याला सवय नव्हती. दोन्ही पाय गच्चकन ब्रेकवर, डावा हात वेगाचा दांडा मागं ओढून मोकळा! जाफराबादच्या रस्त्यावर गाडी जागच्या जागी उभी राहिली असती. आभाळात विमानाला उभं राहायला जागा नसते. नाक खाली गेलं, मग शेपूट खाली गेलं, मग खालचं वर, वरचं खाली. बद्रीनाथनं घाबरून वेगाचा दांडा पुढं लोटला, मागं ओढला, परत पुढं लोटला, आणि डाव्या इंजिनानं पेट घेतला. विमानातली बाई इंग्रजीत 'फायर, फायर' म्हणून बोंबलायला लागली.

"आग!" बद्रीनाथ घसा फाडून ओरडला. "आग लागली! डाव्या बाजूनं पेटलंय! पळा! राधेश्याम, उडी मार!"

आता बाकी कुठल्या गावात हा शब्द ऐकून माणसं काय करतात, ठाऊक नाही. पण जानेवारी महिना, गल्लीत घरोघरी आढ्याला टेकलेला कापूस, आणि चांगुणाबाईच्या कापसाची आणि बद्रीनाथच्या कापसाची भिंत एकच!

"कापूस पेटला गं बायांनो!" चांगुणाबाईच्या हातातलं हळदीकुंकवाचं ताट उडालं ते थेट कापसावर. ओसरीवरच्या अकरा बाया काठापदराच्या साड्या खोचून आडाकडं धावल्या. आणि डोळ्यांचं पातं लवायच्या आत पाण्याची पहिली बादली बद्रीनाथच्या डोक्यावर!

"गोदावरीत पडलो!" बद्रीनाथ किंचाळला. दुसरी बादली. "बुडून राह्यलो! मला पवता येत न्हाई!"

जीव वाचवायला विमानात सीटखाली एक कडी असते, ती ओढली की माणूस बाहेर फेकला जातो, हे त्यानं वहीत वाचलं होतं. त्यानं दोन्ही हातांनी जे सापडलं ते ओढलं. ती राधेश्यामच्या घंटेची दोरी होती. घंटा आली, आढ्यावरची वळकटी आली, वाळत घातलेली चार धोतरं आली, आणि त्या सगळ्यांसकट बद्रीनाथनं उडी मारली. कापसात! ढीग क्षणभर विचार करून त्याच्या अंगावर कोसळला.

चहाच्या कपासकट राधेश्याम दारात आला तेव्हा अकरा बाया गुलाबी कापसातून दोन पाय ओढून काढत होत्या.

"ड्रायव्हरसाहेब," तो म्हणाला, "हे कोन्तं स्टेशन?"

पडदा आणि कॉम्प्युटर उंच फळीवर होते म्हणून वाचले. डोळ्यांचा डबा बद्रीनाथच्या पोटाखाली होता म्हणून वाचला. बद्रीनाथ मात्र नंदाबाईच्या तावडीतून वाचला नाही!

"बंद! आजपासून बिलकुल बंद! लेक तिकडं परीक्षा देऊन राह्यली आन् बाप हितं कापसाला हळद लावून राह्यला!"

गुरुवारी कापूस गच्चीवर वाळत पडला होता. पिवळा, गुलाबी, मध्येच पांढरा, जणू कापसालाच कुणी लग्नाला उभं केलं होतं. तो वर-खाली करायला नंदाबाई दुपारी गच्चीवर आली, आणि जिन्यातच थबकली. कट्ट्यावर बद्रीनाथ बसला होता. डोळे गच्च मिटलेले. दोन गुडघ्यांमध्ये लाटणं धरलेलं. ते तो हळूहळू मागं ओढत होता, परत पुढं नेत होता. ओठ हलत होते.

"काय करून राह्यले?"

त्यानं डोळे उघडले नाहीत. "उतरून राह्यलो."

"आवो, सोडा ना आता."

"कसं सोडू?" लाटणं त्याच्या हातात तसंच होतं. "फोनवर ती 'न्हाई तर घरी' म्हनली ना, तव्हा तिचा आवाज ऐकला का तू? लहानपणी शाळेतून पडून आली की असाच आवाज निघायचा. तव्हा गुडघ्याला हळद लावता येत होती. आता कुठं लावायची? ती बोलती त्यातलं एक अक्षर मला कळत न्हाई, नंदा. म्हनलं, एकदा, एकदाच, ती जिथं अडकली तिथं आपन जाऊन बघावं. रस्ताच बघितला न्हाई तर वळन कसं सांगू तिला?"

नंदाबाई कापसाच्या कडेला बसली. सरकीचं एक बी तिनं बोटात फिरवलं.

"मंग कळलं का वळन?"

"थोडं कळल्यावानी वाटतंय. मी टेकताना खाली बघतो, चाकापाशी. म्हनून आपटतो. नवा ड्रायव्हर बोनेटापुढचा रस्ता बघतो, म्हनून गाडी नागमोडी चालवतो. जुना ड्रायव्हर पार टोकाला बघतो, रस्ता जिथं संपतो तिथं. जवळचं आपोआप नीट होतं. मला जमिनीवर हे ठाऊक होतं, वर गेल्यावर विसरलो."

नंदाबाईनं बी कापसात टाकलं आणि पदर खोचला.

"त्या खटक्यांची नावं सांगा. एकामागं एक. बराबर सांगा."

"कामून?"

"सांगा तर! तुम्हाला घोकून ऱ्हात न्हाई. माझ्या आईला अक्षर वाचता येत नव्हतं, पन जात्यावर बसली की सगळ्या गोताची नावं क्रमानं यायची. गळ्यात बसलेलं विसरत न्हाई मानूस."

आणि शुक्रवारी बैठकीच्या खोलीत, जिथं दोन दिवसांपूर्वी महापूर आल्ता, तिथं लढाऊ विमान सुरू करायची ओवी तयार झाली.

*पहिली माझी ओवी बॅटरीच्या खटक्याला*
*दिवा लागू दे हिरवा लेकीच्या गं रथाला*

*दुसरी माझी ओवी डाव्या इंजिना जाग आली*
*ऊठ उजव्या धाकल्या, पहाट सरून गेली*

*तिसरी माझी ओवी लाव झाकण काचंचं*
*कौतिक सांगू किती माझ्या भोळ्या ड्रायव्हरचं*

"भोळ्या काढ त्यातलं," बद्रीनाथ म्हणाला.

"मात्रा भरती त्यानं," राधेश्याम म्हणाला. "राहू द्या, ड्रायव्हरसाहेब!"

शुक्रवारी आठ वेळा उडाले. आठही वेळा आपटले, पण दर वेळी जरा हळू. आठव्या वेळी तर नुसतं एक चाक मोडलं. देवाची घंटी नंदाबाईनं फडक्यात गुंडाळून ठेवली होती.

शनिवार. चार वाजले. डाळीच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये अर्पिताचा चेहरा आला. ओढलेला, डोळ्यांखाली सावल्या. तिनं बघितलं तर खोलीत अर्धी गल्ली! पुढं चांगुणाबाई, दोन्ही बाजूंना भरलेल्या दोन बादल्या घेऊन.

"ह्या बादल्या कशाला, काकू?"

"असू दे बाई. तुझ्या बापाचं काय सांगावं!"

बद्रीनाथनं डबा बांधला. नंदाबाईनं गळा लावला, आणि एकेका ओवीवर एकेक खटका पडत गेला. हिरवे दिवे लागले, इंजिनं घुमली. फोनमध्ये अर्पिता डोळे विस्फारून बघत होती. "आई! हे तर बराबर चाललंय!"

टिंग टिंग!

आणि बद्रीनाथनं, स्टँडातून गाडी काढताना बत्तीस वर्षं जे केलं तेच केलं. निघायच्या आधी एक लांब हॉर्न. टर्रर्रर्रर्र!

"बाबा!" अर्पिता ओरडली. "बाबा, तो हॉर्न न्हाई, ती बंदू..."

आणि नेट गेलं. तोंड उघडं ठेवून लेक फोनमध्ये गोठली.

"काय म्हनली ती?" विमान तोवर उडालं होतं.

"काय की. पन ड्रायव्हरसाहेब," राधेश्यामनं पडद्याकडं बघत घसा खाकरला, "मागं धूर निघून राह्यला."

"आपल्या गाडीतून?"

"न्हाई. स्टँडातून. तिथं डिझेलचा टँकर उभा होता ना, तो आता न्हाई."

"पेटला कसा?"

"आपन हॉर्न दिल्यावर."

चांगुणाबाईनं दोन्ही बादल्या उचलल्या. नंदाबाईनं तिचा हात धरला.

बद्रीनाथनं एक चक्कर मारली. वर ऊन होतं, खाली नदी चांदीच्या करदोड्यासारखी पडली होती. एरवी तो ते बघण्यातच रमला असता. पण परत फिरून बघतो तर धावपट्टीवर काळा धूर, इकडून तिकडं, काही म्हणजे काही दिसेना. एक घिरटी. दुसरी घिरटी. विमानातली बाई इंग्रजीत कुरकुरायला लागली.

"तेल संपत आलं म्हनती वाटतं," राधेश्याम म्हणाला. "हात चालवा, जल्दी!"

बद्रीनाथनं दांडा घट्ट धरला. इथं आपटलो तर संपलं. नेट परत येईल, लेक बघेल, बापाचंही जमलं नाही, असं म्हणेल. त्यानं मान वळवली. आणि नदीच्या पलीकडं त्याला दिसली एक धावपट्टी. स्वच्छ, मोकळी, कुंकू पुसल्या कपाळासारखी नाही, नवरीच्या भांगासारखी सरळ! आणि तिच्या कडेला एक माणूस, हात वर करून उभा.

बस्स! एसटीच्या ड्रायव्हरला अजून काय पाहिजे?

"मानसानं हात दाखवला!" बद्रीनाथ म्हणाला. "हात दाखवला की गाडी थांबलीच पायजे!"

बोटानं हरभरा शोधला, चाकं उतरली. तूर नव्हती, पण नंदाबाईनं तिथं आता चिंचोका लावला होता. तो उंदराला फुटत नव्हता. जमीन वर वर यायला लागली. त्याची नजर चाकांकडं ओढ घेत होती, नेहमीसारखी. तेवढ्यात कानाशी नंदाबाईचा आवाज आला, हळू, पाळण्यापाशी म्हणावा तसा.

*उतरताना लेकी नको बघू पायाखाली*
*नजर त्या टोकाला, जिथं वाट निजलेली*

त्यानं मान वर केली. पार टोकाला बघितलं. आणि चाकं टेकली. आदळली नाहीत, उडाली नाहीत. माप ओलांडून नवरीनं घरात पाऊल ठेवावं, तशी टेकली! विमान धावत गेलं, हळू झालं, आणि हात दाखवणाऱ्या त्या माणसाच्या बरोबर पुढ्यात, बाजूला दार येईल असं, उभं राहिलं.

टिंग! राधेश्यामनं एक टोला दिला.

खोलीत असा गलका झाला की आढ्यावरची चिमणी उडाली. चांगुणाबाईनं आनंदाच्या भरात एक बादली ओतलीच! भिजलेला बद्रीनाथ डोळ्यांवर डबा तसाच ठेवून हसत होता, आणि डब्याच्या खालून जे ओघळत होतं ते सगळंच काही बादलीतलं नव्हतं.

फोन खरखरला. लेक हलली.

"उतरलो गं!" बद्रीनाथ ओरडला. "एक उडी न्हाई! बघ पडद्यावर!"

अर्पितानं बघितलं. जवळ येऊन बघितलं. मग तिनं तोंडावर हात ठेवला.

"बाबा... हे शत्रूचं विमानतळ हाय."

राधेश्यामनं हातातली दोरी सोडली.

"त्यानं हात दाखवला," बद्रीनाथ बारीक आवाजात म्हणाला.

"बाबा, तो त्यांचा शिपाई हाय! थांब, न्हाई तर गोळी घालतो, म्हनून हात दाखवतोय! आन् तुम्ही थांबले!"

"म्हंजे आपन नदी ओलांडली?" राधेश्यामनं कपाळावर हात मारला. "तरीच! नदी गोदावरी धरली तर आपलं स्टँड शहागड, जालना जिल्ह्याचं शेवटचं गाव. पलीकडं बीड जिल्हा! ड्रायव्हरसाहेब, आपलं तिकीट शहागडपस्तोरच होतं!"

आणि अर्पिता हसायला लागली. आधी हळू, मग खदखदून, मग पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. महिन्याभरात असं हसली नव्हती ती. नंदाबाई त्या हसण्याकडं बघत राहिली. तिला पडद्यावरच्या विमानाचं काहीएक पडलेलं नव्हतं.

हसू ओसरल्यावर अर्पिता म्हणाली, "पन बाबा, टेकवलं कसं हो तुम्ही? एवढं मऊ तर मलाबी जमलं न्हाई."

बद्रीनाथनं डबा काढला. आता मिशीवरून हात फिरवायचं धाडस त्याच्यात नव्हतं. "चाकाकडं बघू नको, पोरी. टोकाला बघ. जवळचं आपोआप होतं. बाकी तुझ्या आईला इचार, तिनं गानं केलंय त्याचं."

नंदाबाईनं ओवी परत म्हटली. अर्पितानं ती लिहून घेतली नाही. डोळे मिटून ऐकली.

बिल्ल्याचा निकाल राधेश्यामनं दिला. "अपघात शून्य. प्रवासी सुखरूप. टँकरचं म्हनाल तर तो गोळीबार हाय, अपघात न्हाई. रूट चुकला तेवढा मेमो लागंल." पण बद्रीनाथनं बिल्ला घेतला नाही. "राहू दे देवापाशी. ती उतरंल तव्हाच."

सोमवारी दुपारी, शनिवार नसताना, चार वाजले नसताना फोन वाजला. नंदाबाई गच्चीवरून पळत आली, केसात कापूस तसाच.

"आई! बाबा! उतरले! आधी सरांसंगं, मंग एकटीनं! एक उडी न्हाई! टोकाला बघितलं, आन् आईची ओवी म्हनली. खालून सर इचारून राह्यले, रेडिओवर हे कोन गाऊन राह्यलं!"

नंदाबाई हसू की रडू करत राहिली. बद्रीनाथ उठला. देव्हाऱ्यापाशी गेला, बिल्ला उचलला, धोतराला पुसला. लावायला छातीपर्यंत हात नेला आणि मध्येच थांबला. परत फोनपाशी आला. अनुभवी माणूस! एकदा तोंड पोळलेलं!

"पोरी, सगळं बराबर," तो जपून म्हणाला. "पन उतरलीस कुठं?"

"आपल्याच तळावर हो, बाबा!"

मग त्यानं बिल्ला लावला.